अमराईतली ओटी

आमच्या अमराईत माणसं उतरली तेव्हा झाडांना कैऱ्या धरल्या होत्या, आणि आमच्या मोठ्या जाऊबाईंना पहिली काळजी पडली ती कैऱ्यांची. "आता एक कैरी राहत नाई पाह्य," असं त्या दारात उभ्या राहून पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी म्हटलं, "बाई, मानसं राह्यली म्हंजे झालं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लोणच्याची बरणी मीच फोडली होती.

देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे, वऱ्हाडात, झेंडे लागले होते, पेढे वाटून झाले होते. पण पैनगंगेच्या पलीकडे मोगलाई होती. संस्थानी मुलूख, आमचे लोक त्याला मोगलाईच म्हणत. तिथं राज्य कुणाचं हे अजून ठरायचं होतं, आणि राज्य ठरेपर्यंत गरिबाचं घर जळतं हा जगाचा नियम आहे. गावंच्या गावं उठली. बैलगाड्यांत भांडीकुंडी, वर म्हातारी माणसं, मागे शेळ्या, अशी रांग नदी उतरून आमच्या बाजूला यायला लागली. काही वाशीमला गेली, काही रिसोडला थांबली, आणि काही आमच्या रिठदला आली. आमची अमराई रस्त्यालगत होती, सावली दाट होती. त्यांनी बैल सोडले आणि तिथंच चुली मांडल्या.

मी कोण, ते सांगते. मी त्या घरची धाकटी सून, आणि विधवा. बाराव्या वर्षी कामरगावाहून लग्न होऊन आले आणि सतराव्या वर्षी कपाळ मोकळं झालं. आमच्या घराण्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावत नसत, म्हणून सासरीच राहिले. शुभकार्यात मला पुढे येता येत नव्हतं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मला मागे कोठीत बसवलं आणि धान्याच्या किल्ल्या दिल्या. लोक म्हणाले, बिचारीची सोय लावली. मला मात्र वाटलं, घराची दोरी हातात आली. देवघरात कुणी का बसेना, दळण कोठीतूनच निघतं. गाव मला कोठीवाल्या बाई म्हणू लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मामंजी संध्याकाळी अमराईतून फिरून आले, अंगणात बसले, लोटाभर पाणी प्याले आणि म्हणाले, "पेव उघडा. आन हे सारं तू पाह्य." तू म्हणजे मी. घरात थोरला मुलगा होता, दिवाणजी होता, पण त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं. जाऊबाई पुटपुटल्या, "हिले काय समजते?" मला समजत होतं. निदान तसा मला भरवसा होता, आणि पुष्कळदा भरवशावरच काम होतं.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं भुयार. तोंड उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. आतली कोंदलेली हवा माणूस मारते. दिवसभर उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा. कंदील विझला नाही. ज्वारी चांगली निघाली, किंचित पिवळसर, पण कीड नाही. शेलूबाजारच्या व्यापाऱ्यांना मी निरोप धाडला, की तुमची पत किती मोठी आहे ते आता दिसू द्या. त्यांनी गाडीभर तुरीची डाळ पाठवली. माझ्या वडलांनी कामरगावाहून जुन्या लुगड्यांचं गाठोडं पाठवलं. आमच्या गावच्या पिंजाऱ्यानं कुणी न सांगता गोधड्या आणून टाकल्या आणि उभ्या उभ्या निघून गेला. मागावं कसं याची लाज मला कधी वाटली नाही. स्वतःसाठी मागत नसलं की आवाज आपोआप मोठा होतो.

पहिलं भांडण पाण्यावरून झालं. आलेल्यांत सगळ्या जातीची माणसं होती आणि विहीर एक. कुणी कुणाला शिवायचं यावर बायका एकमेकींच्या घागरी फोडायच्या बेतात आल्या. मी मोट जुंपायला सांगितली आणि पाणी दंडातून, म्हणजे मातीच्या चारीतून, अमराईच्या मधोमध सोडलं. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो हे सगळ्यांनाच मान्य. ज्याला हवं त्यानं वाहत्या दंडातून भरावं. वाशीमहून एक डॉक्टर येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेले, तर ते गुलाबी पाणी कुणी पिईना. मी सगळ्यांच्या देखत दोन तांबे प्याले आणि ढेकर दिली. त्या काळात मी एक धडा शिकले: रीत अंगावर घ्यायची नाही, तिला बगल देऊन पुढे जायचं.

पण भुकेला बगल देता येईना.

वाशीमहून एक मदत समिती आली होती. धुवट धोतरांतली भली माणसं होती. त्यांनी सांगितलं, लोकांना ओळीनं बसवा आणि वाढा. आम्ही कण्या शिजवल्या, पत्रावळी मांडल्या, हाका मारल्या. कुणी आलं नाही. चार पोरं धावत आली, त्यांना आयांनी दंडाला धरून मागे नेलं. मग कोरडा शिधा देऊन पाहिला. पायलीनं मोजून द्यायला मी स्वतः बसले. माणसं लांबून पाहत होती, जवळ येत नव्हती. समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "यांना भूक लागलेली दिसत नाही." मी म्हटलं, "साहेब, भूक लागली हाय, पन हात पुढं होऊन नाई राह्यला." ही भिकारी माणसं नव्हती. यांच्या खळ्यावरून दर सुगीला दहा मागते पसा भरून गेले होते. ज्यानं जन्मभर पसा भरला, तो स्वतःचा पसा पुढे कसा करेल? काम मागत होते, तर उन्हाळ्यात एवढ्या माणसांना द्यायला शेतात काम कुठलं? आणि त्यांनी बरोबर आणलेलं पीठ संपत चाललं होतं.

तेव्हा मला ओटी सुचली.

घरी आलेल्या सवाष्णीला ओटी न भरता पाठवणं हा घरधनिणीचा कमीपणा, आणि भरलेली ओटी नाकारणं हा पाहुणीचा माज. ओटीत मागणं नाही, देणं नाही, मान आहे. शिवाय आमच्याकडे ज्या बाईची ओटी भरली तिनं त्यातले चार दाणे चिमटीनं परत सुपात टाकायचे असतात, म्हणजे देणाऱ्या घराचं पेव रितं होत नाही. घेणारीही काहीतरी देऊनच जाते. मी जाऊबाईंना म्हटलं, "तुमी हळदीकुंकू घेऊन अमराईत फिरा. म्हना, आमच्या गावाले आल्या, आमच्या घरची ओटी घेतल्याबिगर कशा राहान? मंगळवारी आन शुक्रवारी या."

जाऊबाईंना हे पटलं. खरं म्हणजे त्यांना हे कैऱ्यांपेक्षा बरं वाटलं. नथ घालून, पैठणी नेसून त्या निघाल्या, आणि मंगळवारी अमराईतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन, पाहुण्यांसारख्या, आमच्या अंगणात आल्या. शास्त्राला मूठभर दाणे पुरतात. आम्ही पदर भरेस्तोवर घालत होतो. मी कोठीतून सुपं भरून बाहेर सरकवायची, जाऊबाई ओटी भरायच्या. मला बाहेर येता येत नव्हतंच. विधवेनं ओटी भरायची नसते. गंमत पाहा, ही युक्ती काढणारी मी, आणि मीच तिच्यात बसत नव्हते. पण दाराच्या फटीतून दिसायचं: बाया हसत होत्या, चिमटीनं दाणे परत टाकत होत्या, आणि ताठ मानेनं धान्य घरी नेत होत्या. समितीचे गृहस्थ पुढच्या वेळी आले तेव्हा चुली पेटलेल्या पाहून म्हणाले, "आता यांना भूक लागायला लागली वाटतं." भल्या माणसांना सगळंच समजावून सांगायचं नसतं.

माझी एक सवय होती. दिवे लागायच्या आधी मी बांधावर चढून अमराईतला धूर पाहायची. ही माझ्या आईची शिकवण. ज्याच्या घरचा धूर दिसत नाही त्याच्या घरी काहीतरी निमित्त काढून जाऊन यावं, असं ती म्हणायची. जेवलात का असं विचारलं तर कुणीही हो म्हणतं. धूर खोटं बोलत नाही. तर अमराईच्या पार टोकाला, ओढ्याच्या बाजूला, एक गाडी नवी आली होती आणि तिच्यापाशी धूर नव्हता. आधी मला वाटलं, शेजारणीच्या चुलीवर रांधत असतील. पण शुक्रवारची ओटी झाली त्या संध्याकाळीही तिथं चूल थंडच दिसली, तेव्हा गेले.

गाडीखाली एक म्हातारा तापानं निजला होता. जवळ त्याची सून, माझ्याच वयाची, मांडीवर तान्ही पोर. पोर छातीला तोंड लावायची, सोडायची, रडायची, आणि त्या रडण्यातही दम राहिला नव्हता. बाईचे गाल बसले होते. कपाळ माझ्यासारखं होतं, आणि नव्यानं तसं झालेलं दिसत होतं.

मी विचारलं, "जेवन झालं का?"

"झालं," ती म्हणाली.

"काय केलं होतं?"

तिनं पोरीवर पदर ओढून घेतला. म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "झालं म्हनते त झालं समजा, बाई."

"ओटीले काहून नाई आली तू?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. "मी कशी येऊ? तुमाले त सारं माईत हाय," ती म्हणाली.

तिचा नवरा नदीपलीकडेच दगावला होता, निघायच्या आदल्या दिवशी. सासू आधीच वारलेली. म्हणजे त्या गाडीत ओटी घेण्याजोगी एकही बाई नव्हती. शेजारीण आपल्यातली भाकर द्यायची. म्हाताऱ्यानं दोनदा घेतली, मग हात जोडले. "दुसरीच्या ओटीतलं किती खावं? ओटी तिची, तिच्या लेकराबाळाची," तो मला म्हणाला. "आमच्या खळ्यावरून कोनी रिकामं गेलं नाई, बाई. आता अखेरीले मले मागाले लावू नका."

मी धावत घरी जाऊन आमच्या गाईचं दूध आणलं, पाणी घालून, कोमट करून. बोळ्यानं पाजलं. पोरीनं ते ओकून टाकलं. पुन्हा पाजलं, पुन्हा ओकलं. एवढ्याशा जिवाला ते झेपत नव्हतं. आईच्या पोटात गेल्याशिवाय तिच्या पोटात काही जाणार नव्हतं, हे उघड होतं. आणि आई सासऱ्याच्या शब्दाबाहेर जाणार नव्हती.

घरी येताना मला विलक्षण राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. म्हाताऱ्याचा नाही, त्याच्या जागी मामंजी असते तर तेही असेच अडून बसले असते. माझा तर मुळीच नाही. मी ओटी काढली नसती तर सगळी अमराईच उपाशी राहिली असती. पण राग आला खरा, आणि राग आला की मला नेहमी बरं सुचतं.

रात्रीच्या जेवणाआधी मी जाऊबाईंना म्हटलं, "बाई, त्या पोरीची ओटी भरा लागते. उद्याच. मंगळवारची वाट पाहता येत नाई."

त्यांच्या हातातली परात खाली टेकली. "काय बोलून राह्यली तू? रांडव बाईची ओटी? माहं कुकू हाय अजून, बाप्पा. मी नाई भरनार."

त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि ती भीती नवऱ्याच्या जिवाची होती. मी म्हटलं, "तुमी नका भरू. मी भरतो."

"तुले चालते का?"

"सवाष्णीची भरू नये, असं मले सांगतलं होतं. रांडव बाईनं रांडव बाईची भरू नये, असं कोनी सांगतलं? सांगा ना. कोन्या पोथीत हाय?"

कुठल्याच पोथीत नसणार. कुणी मना करायला ते आधी कुणाच्या मनात यायला हवं ना. जाऊबाईंनी मामंजींकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. "किल्ल्या तिच्याजवळ हायत," ते म्हणाले, आणि पुन्हा कातरू लागले. झाला निकाल.

सकाळी मी सूप भरलं. ज्वारी, वर डाळ, गुळाचा खडा. नारळ आणि खण घ्यायचे नाहीत, हळदीकुंकू नाही. तेवढी बगल मी दिली होती. दारातून निघाले तर जाऊबाई मागून आल्या. सोवळ्यात होत्या, मला शिवायचं नाही म्हणून लांबूनच त्यांनी सुपात काहीतरी टाकलं. टपोरी कैरी होती, देठासकट. "नुसत्या दान्याची ओटी नसते," त्या म्हणाल्या. "फळ लागते." आणि माझं तोंड पाहायच्या आत घरात गेल्या. मला रडू आलं. पण सुपात पडू नये म्हणून मी मान वर करून चालले.

अमराई सगळी पाहत होती. दिवसाउजेडी, सूप हातात घेऊन, मी अशी कधी चालले नव्हते. गाडीपाशी गेले. पोर निपचित पडली होती. मी त्या बाईला म्हटलं, "उठ वं. पदर धर."

ती उठली, पण पदर धरेना. दोन्ही मुठींत पदर आवळून सासऱ्याकडे पाहत राहिली. म्हातारा कोपरावर उठला. "बाई, हे तिले चालत नाई," तो म्हणाला.

"मलेई चालत नाई," मी म्हटलं. "दोघींलेई चालत नाई, म्हनून आमचं आमाले चालते. आबाजी, मी भीक घेऊन नाई आली. तुमी आमच्या गावाले पाहुने. तुमच्या सुनेची ओटी न भरता तुमाले ठेवलं, तर माह्या सासऱ्याचं नाक जाईन. तुमी तुमचं राखा, आन माह्या सासऱ्याचंई राखा."

पोर एकदा हुंकारली, तेवढाच आवाज. बाई तशीच उभी होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की हे काही जमत नाही. मी सूप घेऊन परत जाणार आणि संध्याकाळी इथं खड्डा खणावा लागणार. मग म्हाताऱ्यानं खाकरून गळा साफ केला. तोंड ओढ्याकडे फिरवलं. "माय," तो सुनेला म्हणाला, "पदर नीट धर. सांडते."

तिनं पदर धरला. मी भरत गेले. भरून झाल्यावर तिनं चार दाणे परत टाकायला चिमूट उचलली, पण दाणे बोटांतून निसटले. मी म्हटलं, "राहू दे. आता काय घाई हाय. घरी जाशीन तवा टाक."

त्या संध्याकाळी मी बांधावर चढले. टोकाच्या गाडीपाशी धूर होता, ओल्या लाकडाचा, काळाकुट्ट, डोळ्यांना झोंबणारा. तेवढा सुंदर धूर मी पुन्हा पाहिला नाही. चार-पाच दिवसांत पोरीचं रडणं बदललं. ती हक्कानं रडायला लागली, आणि अमराईतल्या बायका वैतागून म्हणू लागल्या, काय बाई ही कारटी.

पुढच्या मंगळवारी अंगणात नेहमीसारख्या सवाष्णी आल्या, आणि कोठीच्या मागच्या दारी, ज्यांना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं अशा बायका येऊन बसल्या. म्हाताऱ्या, अर्ध्या वयाच्या, एक तर पोरगीच. कुठल्या तरी गाडीच्या कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या वाट्याचं जेवत असलेल्या. एक दात पडलेली आजी म्हणाली, "कोठीवाल्या बाई, माही भरतान का? बुढा मरून जमाना झाला, पन ओटी आठवते मले." सगळ्या खदखदून हसल्या. पुढच्या दारी जाऊबाई, मागच्या दारी मी, असा सगळा पावसाळा गेला. कैऱ्या संपल्या तेव्हा जाऊबाईंनी फळ म्हणून काकड्या पाठवल्या. पाठवायच्या आणि वर म्हणायच्या, "हिच्या पायी वाडीत काकडी राह्यली नाई."

घटस्थापनेच्या सुमारास बातमी आली, की पलीकडे शांत झालं, राज्य एकदाचं ठरलं. गाड्या भरायला लागल्या. अमराईत चुलींच्या काळ्या दगडांशिवाय काही उरलं नाही. निघणाऱ्याच्या समोर विधवेनं येऊ नये म्हणून मी कोठीतच राहिले. ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. त्याचं मी दुःख करत बसत नसे. त्या दिवशी मात्र वाईट वाटलं, फार वाटलं. सहा महिने सांभाळलेली माणसं, आणि त्यांच्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकायचा.

मग मागच्या दाराची कडी वाजली. तीच होती. कडेवर पोर, गुटगुटीत, नाक वाहत असलेली. बाहेर गाडी उभी, म्हातारा कासरा धरून बसलेला. मी दचकून म्हटलं, "निघता वेळी माह्या तोंडासमोर काहून आली वं?"

"तुमचं तोंड पाहूनच जाव लागते," ती म्हणाली. "दाने टाकाचे राह्यले."

मी सूप ओढलं, तिच्या पदरात वाटेसाठी ज्वारी घातली, डाळ घातली. मग रिकामं सूप पुढे धरलं, चिमूटभर दाणे टाकण्यासाठी. तिनं ते हातानं बाजूला सारलं. पोर जमिनीवर ठेवली. पदरातून चिमूट नाही, ओंजळ भरून घेतली.

"सुपात नाई," ती म्हणाली. "तुमी पदर धरा."

सतराव्या वर्षापासून माझ्यापुढे कुणी ओंजळ धरली नव्हती. पदराचं टोक कसं सोडवायचं तेही मला पटकन आठवेना. दारात सावली पडली. जाऊबाई आल्या होत्या, नथ घालून, गाड्यांना निरोप द्यायच्या मधेच. मला वाटलं, आता त्या ओरडणार. त्यांनी एकदा तिच्या ओंजळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"नीट धर वं," त्या म्हणाल्या. "सांडते."